गादीवाल्याची कंबर

३ फेब्रुवारी, मंगळवार

उभ्याने लिहितोय. आमच्या खोलीतलं खणांचं कपाट उंच आहे, त्यावर वही ठेवली की बरोबर कोपराला येते. सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता सोबतीला. बसून लिहायची सोय राहिलेली नाही, आणि पडून लिहिलं तर मग उठायचं कुणी?

लिहायची खोड मला नव्हती, ती नव्या सर्जनबाईंनी लावली. म्हणाल्या, "काय करताना दुखतं, किती दुखतं, रोज दोन ओळी लिहीत जा." मी म्हटलं, बाई, दोन ओळींत मावण्याएवढं दुखत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो. त्या हसल्या नाहीत. "मग चार लिहा," म्हणाल्या.

तर लिहितो. माझं गाद्यांचं दुकान आहे. दारावरची पाटी माझ्याच डोक्यातून निघालेली: 'आमच्या गादीवर झोपा, पाठदुखी विसरा.' त्या पाटीखाली उभं राहून रोज सकाळी शटर वर ढकलताना कमरेत जी कळ येते, ती मी पाच वर्षं दातओठ खाऊन गिळतो आहे. हिच्याशिवाय, म्हणजे माझ्या बायकोशिवाय, हे कुणाला माहीत नाही. गादीवाल्याचीच कंबर धरलीय हे बाहेर फुटलं, तर माझ्याकडून कुणी उशीसुद्धा घेणार नाही. हे दुकान म्हणजे मी, आणि मी म्हणजे हे दुकान. तिशीपासून दुसरं काही केलेलं नाही आणि करायची इच्छाही नाही.

सगळ्यात आधी ते समोर फुटता कामा नये. समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, खुर्च्यांचं दुकान. त्याच्या मालकाला मी चारपाय म्हणतो, तो मला कापूस म्हणतो. माणसाची कंबर मोडते ती खुर्चीत बसून, असं मी म्हणतो. मऊ गादीत लोळून मोडते, असं तो म्हणतो. दोघं भर रस्त्यात म्हणतो, गिऱ्हाइकांदेखत म्हणतो. वर त्याची फुशारकी ही, की त्याच्या घरात गादीच नाही, तो आरामखुर्चीत झोपतो. असल्या माणसाच्या हातात माझी कंबर सापडली तर मेल्याहून मेल्यासारखं होईल.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज थोडक्यात वाचलो.

त्याआधी दुकानाची रीत लिहायला हवी. मधोमध दोन पलंग शेजारीशेजारी मांडलेले, दोन्हींवर एकाच जातीची गादी. गिऱ्हाइकाने चपला काढून एकावर पडायचं, मी दुसऱ्यावर. दोघांनी छताकडे बघायचं. छत मी फिकट निळं रंगवून घेतलंय. किंमत काढायची नाही, गादीचे गोडवे गायचे नाहीत. मुलंबाळं, ऑफिस, वरच्या मजल्यावरचे शेजारी, जे मनात येईल ते बोलायचं. थोड्या वेळाने माणूस उसासा टाकतो. तो उसासा आला की गादी त्याची. नाही आला तर गाद्या बदलायच्या आणि पुन्हा पडायचं. काहीजण तर गादी नको असली तरी नुसते पडायला येतात.

पडणं सोपं आहे हो. पण कुशीवर वळून उठायचं म्हणजे डावीकडे कुणीतरी पाचर ठोकतं. म्हणून उसासा आला की मी म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा या गादीचा स्वभाव बघतो." लोकांना वाटतं, काय माणूस आहे, धंद्याला वाहून घेतलंय. ते दिसेनासे झाले की मी पलंगाची कड धरून कसाबसा उठतो.

आज शेजारची चष्मेवाली नवऱ्याला घेऊन आली होती. दोघांचे उसासे पडले, गादी ठरली, दोघं गेली आणि मला उठताच येईना. कड धरली, सोडली, पुन्हा धरली. समोर चारपाय त्याच्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेला, नजर इकडेच. मी मजेत पडल्यासारखा हात हलवला. त्यानेही हलवला आणि उठून आत गेला. म्हटलं, सुटलो.

थोड्या वेळाने ही आली. दुपारची ही कधी दुकानाकडे फिरकत नाही. "सहज आले," म्हणाली. शटर अर्धं खाली ओढलं, मला काखेत धरून उठवलं आणि घाम पुसायला पदर पुढे केला. बायकोला नवऱ्याच्या मनातलं ऐकू येतं म्हणतात ते काही खोटं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आजवरचे डॉक्टर मणक्याच्या मागे लागले होते. फोटो काढला की मणक्यात वयाप्रमाणे झिजलेलं काहीबाही सापडायचंच, मग गोळ्या, शेक, पट्टा, व्यायाम. सगळं मनापासून केलं. शिवाय घरची गादी दरवर्षी बदलली. हिला शेवटी शेवटी कुठल्या गादीवर झोपलोय तेच कळायचं नाही.

सर्जनबाईंनी आज निराळंच केलं. "दुखतं कुठे ते एका बोटाने दाखवा." मी पाठभर तळहात फिरवला. "एका बोटाने." तेव्हा बोट आपसूक गेलं ते कमरेखाली डावीकडे, खळीपाशी. "परत दाखवा." परत तिथेच. मग मला आडवं करून त्यांनी माझा पाय दुमडला, दाबला, बाहेर ढकलला. दर वेळी मी ओरडलो आणि दर वेळी त्या "छान" म्हणाल्या. शाळेतसुद्धा माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

कणा खाली जिथे संपतो, तिथे तो दोन्ही बाजूंनी कमरेच्या रुंद हाडांना मिळतो. तिथे दोन सांधे असतात म्हणे. ते जवळपास हलत नाहीत, फक्त भार झेलतात. माझा डावा सैल पडलाय आणि चिडलाय. "कधी आपटला होतात का?" आपटलो होतो. डोक्यावर दुहेरी गादी घेऊन तिसरा मजला चढत होतो, गादीमुळे पायरी दिसली नाही. आयुष्यभर गाद्या विकल्या, आणि पडलो तेव्हा गादी खाली असायच्या ऐवजी अंगावर. यावर मात्र बाई हसल्या.

उपाय असा. आधी सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन. काही तासांपुरतं दुखणं गेलं तर चोर हाच. मग ऑपरेशन, पण पूर्वीसारखी लांबच लांब चीर नाही. बाजूने छोटीशी चीर, यंत्रावर बघत बघत सांध्यातून आरपार तीन बारीक धातूच्या पट्ट्या. पुढे काही महिन्यांत हाडच त्यांना धरून एकजीव होतं.

"म्हणजे सांधा कायमचा बंद?"

"बंद. नाहीतरी त्याला हलायचं काम नव्हतंच."

"नक्की गुण येईल?"

"नक्की असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका," बाई म्हणाल्या. "बऱ्याच जणांना येतो, सगळ्यांना नाही."

बाई आवडल्या मला. मीही गिऱ्हाइकाला असंच सांगायला हवं, असं वाटून गेलं. मग पाटी आठवली आणि विषय सोडून दिला.

२ मार्च, सोमवार

आजचा दिवस सविस्तर लिहिणार, मग हात दुखला तरी चालेल.

सकाळी इंजेक्शन घेतलं. बाई म्हणाल्या, "औषधाचा असर आहे तोवर, जे केल्याने दुखतं तेच मुद्दाम करा. आडदांडपणा नको." घरी आलो. एका पायावर उभा राहून विजार बदलली. काही नाही. परत बदलली. जिना चढलो, उतरलो, चढलो. ही खालून म्हणाली, "अहो, औषध कमरेत दिलंय की डोक्यात?"

मग जेवायला बसलो. बसलो. गेली कित्येक वर्षं मी ओट्याशी उभा राहून जेवतो. ही समोर बसली आणि तिचं ताट तसंच राहिलं.

"काय बघतेस?"

"काही नाही. तुम्ही जेवताना कसे दिसता ते विसरले होते."

मी भात मागून घेतला.

दुकानात गेलो. एकूण एक गादीवर पडलो आणि उठलो, कड न धरता. आणि मग मला जी हुक्की आली, तिला काय म्हणावं कळत नाही. समोर रस्त्यापलीकडे काचेत खुर्च्याच खुर्च्या. पाच वर्षं मी नीट बसलो नव्हतो. रस्ता ओलांडून गेलो आणि चारपायच्या दुकानातल्या दाराजवळच्या पहिल्या खुर्चीत बसलो. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. लाकडी, वेताच्या, ऑफिसच्या गोल फिरणाऱ्या. फिरणारीत तर गिरकी घेतली.

चारपाय काउंटरमागून बघत होता. एरवी त्याने चार शब्द सुनावले असते. आज त्याच्या तोंडाला कुलूप.

"बाजाराची पाहणी करतोय," मी म्हटलं. "शत्रूच्या गोटात काय चाललंय ते बघावं माणसाने."

"बघ की," तो म्हणाला. मग म्हणाला, "ती तुला बुटकी आहे. गुडघे बघ कुठे आलेत. तुला अजून चार बोटं उंच लागेल, आणि हात टेकायला हवा." माणसाला नुसतं बघून त्याचं माप काढायची त्याची सवय आहे. दुसरी सवय, प्रत्येक खुर्चीच्या पायांखाली हिरव्या जाड कापडाच्या चकत्या चिकटवायची, म्हणजे फरशीवर आवाज होत नाही. माल वाईट नसतो त्याचा. हे इथेच लिहितोय, बाहेर बोलणार नाही.

निघताना म्हणाला, "कापूस, पाहणी झाली?"

"झाली."

"परत ये हवं तर."

काही संशय आला नाही त्याला. साफ शेंडी लावली.

३ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळनंतर दुखणं परत आलं ते व्याजासकट. रडायला आलं. नाही म्हणून काय उपयोग, आलंच. दुखणं पाच वर्षं सलग होतं तोवर सोसलं. मध्ये एक दुपार सुटी मिळाली आणि आता सोसवत नाही. हिला म्हटलं, करून टाकू ऑपरेशन. ती म्हणाली, "मी कधीच मनात पिशवी भरून ठेवलीय."

९ मार्च, सोमवार

ठरलं. गुरुवारी ऑपरेशन. नंतर काही आठवडे कुबड्या, डाव्या पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, दुकान बंद म्हणजे बंदच. ही म्हणते, "बंद कशाला, मी बसेन." हिला गादीतलं काय कळतं? पण बंद दुकानापेक्षा बरं.

आता बाहेर काय सांगायचं? मी एक फक्कड थाप रचलीय. मी परगावी जातोय, नवा माल बघायला, दूर, थंड हवेच्या ठिकाणी. कुबड्या सुटल्या की परत यायचं. तोवर घराचे पडदे लावलेले. घर दुकानापासून दोनच गल्ल्या पलीकडे आहे, तेव्हा खिडकीशी जायचं नाही, मोठ्याने शिंकायचं नाही.

सगळ्या दुकानांत जाऊन निरोप घेतला. चष्मेवालीने शुभेच्छा दिल्या आणि जरा जास्तच वेळ हात धरून ठेवला. चारपाय म्हणाला, "बरं ठिकाण निवडलंस. लोक तिथून धडधाकट होऊन येतात असं ऐकलंय." मी म्हटलं, मी माल बघायला चाललोय. तो म्हणाला, "तेच."

११ मार्च, बुधवार

भीती वाटते. उगाच लपवण्यात अर्थ नाही, इथे कोण वाचणार आहे. मरायची नाही वाटत, तेवढं काही मोठं ऑपरेशन नाही. गुण आलाच नाही तर काय, याची वाटते. मग दुकान चालवायचं कुणी? जो पडू शकत नाही आणि उठू शकत नाही, तो कसला गादीवाला? उंच स्टुलावर बसून किमती सांगायच्या? तसं करण्यापेक्षा दुकान देऊन टाकीन. लेकीने फोनवर हेच सुचवलं, "बाबा, आता पुरे की." तिला रागावलो. नंतर परत फोन केला आणि तिच्या मांजराची चौकशी केली, म्हणजे माफी मागितली.

१४ मार्च, शनिवार

काल घरी आलो. तासाभराचं काम, एक मुक्काम, बोटभर लांबीची चीर. चिरेपाशी दुखतं, पण हे दुखणं नवं आहे, जुन्याच्या ओळखीचं नाही. बाईंनी फोटो दाखवला. कमरेत तीन पट्ट्या एकाखाली एक, नीट ओळीत. "सुबक बसल्यात," मी म्हटलं. "आता गुणाने राहा," बाई म्हणाल्या.

दवाखान्यातली गादी मात्र भयंकर. पडल्या पडल्या तक्रार केली. परिचारिका म्हणाली, "काका, सगळेच म्हणतात, पण तुम्ही फारच मुद्देसूद बोलता." मग तिला तिच्या घरच्या गादीबद्दल विचारलं. जाताना तिने दुकानाचा पत्ता घेतला. म्हणजे परगावी धंदा झाला, ही थाप उरली नाही.

२० मार्च, शुक्रवार

कुबड्यांवर स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येतो. खोल सोफ्यावर बसायचं नाही अशी ताकीद आहे, आणि घरात दुसरं काही नाही. परवा ही बाहेरून आली तर मागे हातगाडीवर एक खुर्ची. "दवाखान्यातून भाड्याने मिळते," म्हणाली.

खुर्ची बघून मी गार पडलो. उंच, दोन्ही बाजूंना रुंद हात, बैठक किंचित पुढे उतरती, म्हणजे उठताना कंबर वाकवायला लागत नाही. गुडघे बरोबर काटकोनात, टाचा जमिनीवर. जणू माप घेऊन केलीय. सरकवली तरी फरशीवर आवाज नाही, पायांना खाली हिरवं काहीतरी लावलंय. हिला म्हटलं, "बघ, याला म्हणतात खुर्ची. दवाखान्याचे सुतार समोरच्याला आयुष्यभर शिकवतील." ही पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

बसतो, पण थोडाच वेळ. लिहिणं अजून उभ्यानेच, आता कुबडीच्या आधाराने. बसल्यावर कधी कळ येईल या धास्तीने अक्षर बिघडतं.

२७ मार्च, शुक्रवार

हिच्याकडून रोज दुकानाचा वृत्तान्त घेतो. आज एक तरुण बाई आली, म्हणे पाठ फार दुखते, चांगली गादी द्या. ही तिला म्हणाली, "गादी देते हो, पण आधी डॉक्टरला दाखवा. आमच्या ह्यांनी पाच वर्षं गाद्या बदलल्या." आणि बाई परत गेली.

"असं सांगितलंस? पाटीखाली बसून?"

"पाटी माझ्या डोक्यामागे असते," ही म्हणाली. "मला दिसत नाही."

"आणि 'आमच्या ह्यांनी' म्हणालीस? मी परगावी आहे, माझ्या पाठीचा काय संबंध?"

"तिला वाटलं असेल, परगावीच्या पाठीबद्दल बोलतेय."

मी कपाळाला हात लावला. मग हिने पिशवीतून लोकरीचा मफलर काढला. चारपायने दिला होता. तो रोज विचारतो म्हणे, तिकडे हवा कशी आहे. मीच हिला सांगून ठेवलं होतं, 'फार थंड' म्हण. म्हणून मफलर. "पाठवून द्या म्हणाला. आणि म्हणाला, कापसाला सांगा, घाई करू नको, माल नीट बघून ये."

भाबडा आहे बिचारा. उकाड्यात मफलर घालून बसलो आणि मनातून थोडी लाज वाटली.

८ एप्रिल, बुधवार

बरेच दिवस वही उघडली नाही, आणि गेले दोन दिवस तर लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. परवा जिन्यापाशी पाय अडखळला आणि पूर्ण भार डाव्यावर पडला. तेव्हापासून तिथे खोलवर ठणका. मी हातपाय गाळले. हिला म्हटलं, गेलं सगळं, पट्ट्या निखळल्या, दुकान विकायला काढ. हिने सरळ बाईंना फोन लावला.

आज फोटो काढला. पट्ट्या जिथल्या तिथे. "स्नायू चिडलेत, सांधा नाही," बाई म्हणाल्या. "एका बोटाने दाखवा बघू." मी बोट दाखवायला गेलो आणि सापडेना. नेहमीच्या खळीपाशी दाबलं, तिथे काही नव्हतं. दुखत होतं ते मांडीच्या बाजूला, आडवं, पसरट. मी त्या खळीवर परत परत दाबत बसलो. ही म्हणाली, "अहो, पुरे आता, रुसलेलं दुखणं बोलवून आणाल."

जीव भांड्यात पडला. अजून पूर्ण विश्वास नाही. बाई म्हणतात हाड धरायला वेळ लागतो, तेव्हा मीही धीर धरतो.

२४ एप्रिल, शुक्रवार

कुबड्या सुटल्या. व्यायाम शिकवणारा पोरगेला फिजिओ म्हणाला, हळूहळू सगळं करा, वजन मात्र उचलू नका.

पण लिहायची गोष्ट वेगळीच आहे. सकाळी जागा झालो तर मी उजव्या कुशीवर होतो. झोपलो होतो पाठीवर. म्हणजे झोपेत कुशीवर वळलो आणि मला जाग आली नाही. हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे, पांघरूण घेऊन वळलात."

४ मे, सोमवार

आज दुकानात गेलो. परगावाहून परतलो.

चष्मेवाली दारात आली, "प्रवास मानवला," म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. धूळ फार आहे रस्त्यावर. पाटीकडे बघितलं. 'पाठदुखी विसरा' या शब्दांवर हिने कागद चिकटवला होता, त्यावर हिच्या वळणदार अक्षरात: 'पाठ दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही.' मी काढायला हात वर केला आणि खाली घेतला. राहू दे.

आत दोन पलंग. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. घरी पडणं-उठणं जमतं, पण घर वेगळं आणि हे वेगळं. इथे नाही जमलं तर बाकीच्याला काय किंमत? तेवढ्यात दारात सावली पडली. चारपाय. इतक्या वर्षांत त्याने माझ्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

"गादी बघायची आहे," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"आहे एक नातेवाईक. जिद्दी आहे, आरामखुर्चीत झोपतो."

त्याने चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि एका पलंगावर पडला. रीत ती रीत. मी दुसऱ्यावर पडलो. दोघं छताकडे बघत राहिलो.

"निळं छान दिसतं," तो म्हणाला. "तिकडून अर्धंच दिसतं."

"तू नेहमी बघत असतोस की."

"तुझ्याकडे बघत असतो. तू उठेपर्यंत." मग छताकडेच बघत म्हणाला, "कापूस, ती खुर्ची परत पाठवू नकोस."

"कुठली?"

"दवाखान्याची."

हिरव्या चकत्या. चार बोटं उंच. हात टेकायला हवा. मी मूर्खासारखा छताकडे बघत राहिलो, आणि ते निळं हलायला लागलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"तू कड धरायला लागलास तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस? भर रस्त्यात माझी उडवता आली असती."

"त्याला उडवणं नाही म्हणत," तो म्हणाला. "आणि तू दुकान बंद केलं असतंस, तर मी भांडायला कुणाकडे गेलो असतो?"

मी म्हटलं, "मफलर फार गरम होता रे." तो म्हणाला, "थंड हवेचा होता."

मग चारपायने उसासा टाकला. लांब, आतून, कितीतरी वर्षं आरामखुर्चीत अडकलेला. मी आजवर ऐकलेल्यात सगळ्यात मोठा.

"आता उठ," तो डोळे मिटून म्हणाला. "ते बघायलाच आलोय."

मी कुशीवर वळलो, पाय खाली सोडले आणि उभा राहिलो. कड धरली नाही. तो मान वळवून बघत होता. म्हणाला, "बरं झालं," आणि परत म्हणाला, "बरं झालं बाबा." मग तो उठायला गेला आणि त्याला उठताच येईना. मऊ गादीची सवय नाही. मी हात दिला आणि ओढून बसवला.

गादी ठरली. त्याने चपला घालताना बजावलं, "पाठवशील ती मागच्या दाराने. रस्त्यावर कुणाला दिसता कामा नये."

"माझ्या तोंडून एक शब्द नाही फुटणार," मी म्हटलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." हिला कसलंच आश्चर्य वाटत नाही. मग विचारलं, त्या दुपारी मी पलंगावर अडकलोय ते तुला कळलं कसं गं? म्हणाली, "मनातलं ऐकू येतं." आणि फोन वाजला म्हणून उठून गेली. चारपायचा होता, खुर्चीच्या चकत्या झिजल्या का विचारत होता.

नाहीत झिजल्या. आत्ता वाकून बघितल्या. हे एवढं सगळं मी बसून लिहिलं, ते आत्ता लक्षात आलं.